पटावरच्या आगगाडीचं कूळ

'तिकीट टू राइड' या आगगाडीच्या पटखेळाची दहाव्या वर्धापनदिनाची आवृत्ती 2014 साली निघाली. खोकं उचलताना आधी जाणवतं ते वजन. पट मूळ खेळापेक्षा चांगलाच ऐसपैस, पण खरी चैन आहे ती पत्र्याच्या पाच डब्यांत. साध्या खेळात सगळ्यांच्या गाड्या एकाच साच्यातल्या असतात, बदलतो फक्त रंग. इथे प्रत्येक खेळाडूच्या गाडीचा घाटच निराळा. झाकण काढून डबी ताटात उपडी केली की पंचेचाळीस इवले डबे खळ्ळकन सांडतात.

"मामा, नागपूर नाही काय याच्यात?" पट उलगडताच भाच्याचा प्रश्न.

नाही. नकाशा उत्तर अमेरिकेचा आहे. पण या खेळाचं कूळ धुंडाळत मागे गेलं की वाटेत नागपूर लागतं.

नियमपुस्तिकेत सुरुवातीला एक छोटी गोष्ट आहे. 2 ऑक्टोबर 1900 च्या संध्याकाळी पाच जुने मित्र एका क्लबात जमतात. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच दिवशी फिलिअस फॉगने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पैज घेतली होती, तिच्या आठवणीत ते नवी पैज लावतात. म्हणजे खेळाचा मूळपुरुष ज्यूल व्हर्न. त्याच्या 1872 च्या कादंबरीत फॉग मुंबईहून कलकत्त्याची गाडी धरतो आणि खोल्बी नावाच्या खेड्यापाशी गार्ड सगळ्यांना खाली उतरवतो, कारण पुढे रूळच नाहीत. लंडनच्या वर्तमानपत्रांनी लाइन पूर्ण झाल्याचं खुशाल छापलेलं! शेवटी फॉग हत्ती विकत घेऊन अलाहाबाद गाठतो.

प्रत्यक्षात जबलपूर-अलाहाबादमार्गे मुंबई-कलकत्ता लाइन 1870 मध्येच जोडली गेली होती. रूळ खरोखर संपत होते ते आपल्याकडे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे 1867 मध्ये भुसावळहून नागपूरला पोचली आणि इथेच थांबली. पूर्वेला छत्तीसगडचं धान्य होतं, पण ते आणायला बैलगाड्या. फॉगला जी अडचण कादंबरीत आली, ती नागपूरच्या अडत्यांनी बारा-तेरा वर्षं रोज सोसली. 1880 च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे धावू लागली, तीही मीटर गेज. जीआयपी ब्रॉड गेज. म्हणजे इकडची पोती तिकडच्या वाघिणीत हमालांनी लादायची. हा घोळ निस्तरला बंगाल-नागपूर रेल्वेने. 1887 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने ती लाइन ताब्यात घेऊन रुंद केली आणि 1891 पर्यंत आसनसोलला नेऊन भिडवली.

आगगाडीच्या पटांत दोन घराणी आहेत. एक पैशाचं. त्याची आद्य बाई लिझी मॅगी. जमीनदारी आणि मक्तेदारी कशी पिळते हे दाखवायला तिने 1904 मध्ये 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं, त्यात रेल्वेही होती. त्यातूनच पुढे 'मोनोपॉली' आला आणि बाईंचा हेतू नेमका उलटा झाला. आपल्या 'व्यापार'मध्येही रेल्वे हा विकत घ्यायचा चौकोन; तिच्यात बसून कोणी कुठे जात नाही. या घराण्यातला खरा उस्ताद इंग्लंडचा फ्रान्सिस ट्रेशम. 1974 च्या '1829' मध्ये त्याने रेल्वे कंपन्यांचे शेअर खेळाडूंच्या हाती दिले. पुढे 1989 मध्ये त्याने चक्क भारतावर पट काढला, नाव '1853'. बोरीबंदर-ठाणे गाडीचंच साल ते. शेअरबाजाराला कंटाळलेल्या इंजिनिअरांसाठी म्हणून काढलेल्या या खेळात ब्रॉड आणि मीटर असे दोन्ही गेज आहेत. नागपूरच्या फलाटावरचा तो जुना घोळ इंग्लंडात बसलेल्या माणसाला खेळण्याजोगा वाटला, याची मला गंमत वाटते.

दुसरं घराणं नकाशाचं. डेव्हिड वॉट्सच्या 'रेल्वे रायव्हल्स'मध्ये खेळाडू नकाशावर स्वतःच पेनने रूळ ओढतात. त्याच्या जर्मन आवृत्तीला 1984 चा 'श्पील देस यारेस' हा मानाचा पुरस्कार मिळाला. अॅलन मून, 'तिकीट टू राइड'चा कर्ता, याच वाटेचा. त्याने 2004 मध्ये पेन काढून घेतलं आणि पत्ते दिले. एकाच रंगाचे पत्ते जमवा, तेवढ्या लांबीचा मार्ग आपल्या डब्यांनी भरा. मूळ रमीचंच, त्यामुळे रमी खेळणाऱ्या घरात हा खेळ चहा उकळेपर्यंत शिकवून होतो. एक डबा लावला तर एक गुण, सहा लावले तर पंधरा. म्हणून लांबच्या मार्गासाठी जो तो पत्ते दाबून बसतो आणि तेवढ्यात कोणीतरी मधला एकच टप्पा अडवतो. त्या एका टप्प्यावरून घरात जी भांडणं होतात, त्यांना तोड नाही. याही खेळाला 2004 मध्येच तो पुरस्कार मिळाला. मला हेच घराणं जवळचं. पैशाच्या पटावर हरणारा तासभर नुसता बसून राहतो. इथे शेवटच्या तिकिटापर्यंत आशा असते.

या खेळाचा भारताचा नकाशाही आहे, 2011 मध्ये आलेला, 1911 सालच्या भारतावर बेतलेला. त्यात एक खास नियम आहे: तिकिटावरची दोन शहरं दोन वेगवेगळ्या वाटांनी जोडून दाखवली तर जादा गुण. त्या साली मुंबई आणि कलकत्ता खरोखरच दोन वाटांनी जोडलेली होती. एक अलाहाबादवरून, दुसरी नागपूरवरून. आणि दोहोंत नागपूरची जवळची.