खानदेशातील पोलादी बांधकाम आणि वेल्डिंगचे प्रमाणीकरण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
खानदेशच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन मुख्यतः कापूस, कापडगिरण्या, तेलगिरण्या आणि केळीचा व्यापार यांभोवती झालेले दिसते. पूल, धरणांचे दरवाजे, वीजकेंद्रे व कारखान्यांच्या शेडच्या कैच्या यांतून या प्रदेशात पोलादकामाचीही एक परंपरा निर्माण झाली. परंतु तिच्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. या परंपरेत कोणाच्या हाताचे काम विश्वासार्ह मानायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) रिव्हेटकडून वेल्डिंगकडे झालेल्या स्थित्यंतराचे स्वरूप पाहणे.
२) वेल्डिंगच्या प्रमाणीकरणाचे घटक स्पष्ट करणे.
३) प्रमाणीकरणाचा कामगार व लहान कार्यशाळा यांच्यावरील परिणाम तपासणे.

रिव्हेटचा कालखंड :
१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशात आली आणि भुसावळ हे खांडवा व नागपूर या दोन मार्गांचे जंक्शन बनले. पुढे १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे मार्ग सुरू झाला, तर १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. या काळातील लोखंडी पूल रिव्हेटने जोडलेले असत. रिव्हेटची परीक्षा सोपी होती. तपासनीस रिव्हेटच्या डोक्यावर हातोडी मारी आणि आवाजावरून व बोटाला जाणवणाऱ्या कंपनावरून तो घट्ट आहे की सैल, हे ओळखी. सैल रिव्हेट काढून दुसरा ठोकता येई. दोष हाताला व कानाला कळणारा असल्याने कारागिराच्या पात्रतेचा वेगळा दाखला मागण्याची गरज भासत नसे. प्रत्यक्ष कामच त्याचा दाखला ठरे.

वेल्डिंगचा उदय आणि विश्वासाचा प्रश्न :
विद्युत वेल्डिंगमुळे पोलादाची बचत झाली व वजन घटले. परंतु वेल्डचा दोष पृष्ठभागाखाली असू शकतो. वरून सुबक दिसणाऱ्या सांध्यात आत स्लॅग अडकलेला असतो, धातू मुळापर्यंत वितळलेला नसतो किंवा केसासारखी चीर असते. रिव्हेटच्या जोडणीत एका पत्र्यातील चीर सहसा दुसऱ्या पत्र्यात शिरत नाही. वेल्डने मात्र सर्व भाग एकसंध होतात आणि चिरेला अडथळा राहत नाही. बेल्जियममधील हॅसेल्ट येथील वेल्डेड पूल १९३८ मध्ये कोसळला. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या लिबर्टी जहाजांनाही अशाच चिरा पडल्या. या घटनांतून पोलादाची जात, सांध्याची रचना व वेल्डिंगची पद्धत यांचा एकत्रित विचार सुरू झाला.

भारतात १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली व १९५६ मध्ये सामान्य बांधकामातील वेल्डिंगसाठी आयएस ८१६ हे मानक आले. १९७० च्या दशकात वेल्डिंग पद्धतीच्या चाचणीसाठी आयएस ७३०७ व वेल्डरच्या चाचणीसाठी आयएस ७३१० ही मानके प्रसिद्ध झाली. रेल्वेने १९७२ मध्ये वेल्डेड पुलांसाठी स्वतंत्र संहिता स्वीकारली. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या लखनौच्या आरडीएसओ या संशोधन व मानक संघटनेकडे वेल्डिंग पद्धतींच्या मान्यतेचे काम आले.

प्रमाणीकरणाचे घटक :
‘कंपनी प्रमाणित झाली’ असे व्यवहारात म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यामागे तीन वेगळ्या परीक्षा असतात. पहिली पद्धतीची. पोलादाची जात व जाडी, सांध्याचा आकार, इलेक्ट्रोड, विद्युतप्रवाह व पूर्वतापन यांची लेखी नोंद करून नमुना-सांधा वेल्ड केला जातो. मग तो ताणून, वाकवून व कापून तपासला जातो. दुसरी परीक्षा वेल्डरची. सपाट, आडव्या, उभ्या व डोक्यावरच्या स्थितीतील काम निरनिराळे असल्याने पात्रताही स्थितीनुसार ठरते. तिसरी परीक्षा कार्यशाळेची. जबाबदार अभियंता, तपासणीची सोय, पोलादाच्या दाखल्यांची नोंद आणि कमी हायड्रोजनचे इलेक्ट्रोड कोरडे ठेवणारी भट्टी यांची पाहणी त्यात होते. आयएसओ ३८३४ हे आंतरराष्ट्रीय मानक या तिसऱ्या घटकाशी संबंधित आहे. युरोपात १ जुलै २०१४ पासून बांधकामाच्या पोलादी घटकांसाठी ईएन १०९० नुसार उत्पादकाचे प्रमाणीकरण बंधनकारक झाले.

खानदेशातील दोन वाटा :
खानदेशात प्रमाणित वेल्डिंग दोन वाटांनी रुजले. पहिली वाट बाष्पकांची. भुसावळजवळ दीपनगर येथे १९६८ मध्ये औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच, तर १९७९ व १९८२ मध्ये २१० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. फैजपूरचा मधुकर, चाळीसगावचा बेलगंगा, तसेच तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहाद्याचा सातपुडा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. या सर्व ठिकाणच्या बाष्पकांना १९२३ चा भारतीय बाष्पके अधिनियम व १९५० चे विनियम लागू होते. २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या कायद्याने घेतली. या व्यवस्थेत शासकीय यंत्रणा वेल्डरची परीक्षा घेऊन त्याच्या स्वतःच्या नावाने प्रमाणपत्र देते.

दुसरी वाट पूल, शेड व धरणांच्या दरवाजांची. तापीवरील हतनूर धरणाचे ४१ वक्राकार दरवाजे हे या कामाचे जिल्ह्यातील ठळक उदाहरण होय. अशा दरवाजाची पोलादी पाटी व तिला आधार देणारे बाहू पाण्याचा प्रचंड दाब पेलतात आणि त्याची सुरक्षितता बहुतांशी सांध्यांवर अवलंबून असते. मात्र पोलादी बांधकामाच्या मानकांत वेल्डरची पात्रता सिद्ध करण्याची जबाबदारी मुख्यतः उत्पादकावर किंवा ठेकेदारावर असते. त्यामुळे पात्रतेची कागदपत्रे मालकाच्या दप्तरी राहतात. कामगाराने मालक बदलला की बहुधा पुन्हा चाचणी द्यावी लागते. एकाच वेल्डरचे कौशल्य बाष्पकाच्या कामात त्याचे स्वतःचे ठरते, तर पुलाच्या कामात ते कंपनीचे ठरते. हा भेद केवळ तांत्रिक नसून सामाजिकही आहे.

लहान कार्यशाळांपुढील अडचण :
जळगाव व धुळे येथील लहान कार्यशाळांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जिनिंगच्या शेडच्या कैच्या, पाण्याच्या टाक्या अशी कामे होतात. त्यांतील काही कारागीर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून ‘संधाता’ हा अभ्यासक्रम पूर्ण केलेले असतात, तर काही उस्तादाच्या हाताखाली शिकलेले असतात. संधात्याचे प्रमाणपत्र शिक्षण पूर्ण झाल्याचे सांगते. विशिष्ट जाडीच्या पोलादावर, विशिष्ट स्थितीत, मान्य पद्धतीने सांधा करण्याची पात्रता त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय अनेक आंतरराष्ट्रीय मानकांनुसार वेल्डरने सहा महिने संबंधित पद्धतीचे काम केले नाही, तर त्याची पात्रता संपते. हंगामी काम असलेल्या कार्यशाळेला हा नियम जाचक ठरतो. प्रमाणपत्र नसल्याने मोठे काम मिळत नाही आणि मोठे काम नसल्याने प्रमाणपत्राचा खर्च परवडत नाही, असे हे दुष्टचक्र आहे. परिणामी कुशल हात स्थानिक असूनही मुख्य ठेका बाहेर जातो आणि तेच हात उपठेक्यावर राबतात.

अर्थात, यावर उपाय म्हणून परीक्षा शिथिल करणे धोक्याचे ठरेल. सांध्यातील दोष ठेकेदाराची आर्थिक अडचण ओळखत नाही. त्याची किंमत पुलावरून जाणाऱ्याला किंवा धरणाखालच्या गावाला मोजावी लागते.

निष्कर्ष :
१) रिव्हेटच्या काळात विश्वासाचा आधार प्रत्यक्ष तपासणी हा होता, वेल्डिंगच्या काळात त्याला पूर्वपरीक्षा व लेखी नोंद यांची जोड अनिवार्य झाली.
२) खानदेशात प्रमाणित वेल्डिंगच्या प्रसारास रेल्वे, वीज, सहकारी साखर उद्योग व पाटबंधारे या क्षेत्रांतील मोठ्या प्रकल्पांनी चालना दिली, लहान कार्यशाळा बहुधा या प्रक्रियेच्या कडेला राहिल्या.
३) बाष्पक-व्यवस्थेत वेल्डरच्या नावाने प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. पोलादी बांधकामातही वेल्डरच्या चाचण्यांची नोंद त्याच्यासोबत राहावी, यासाठी ती मार्गदर्शक ठरू शकते.
४) जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था व अभियांत्रिकी महाविद्यालये यांत सामाईक चाचणी-केंद्रे उभारल्यास परीक्षेची कठोरता कायम ठेवून तिचा खर्च विभागता येईल.

प्रमाणपत्र हे कारागिराच्या हाताविषयीच्या अविश्वासातून जन्मले, हे खरे. परंतु ते त्याच्या नावावर असेल, तर तेच त्याच्या प्रतिष्ठेचे साधन होऊ शकते.