पोटाचा लिम्फोमा : ‘जंतू नाही’ असा रिपोर्ट आला तर पुढे काय?

ठाणे : पोटात जळजळ, दोन घास खाल्ले की पोट भरणं, वजन उतरणं. अशा तक्रारींवर महिनोन् महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालू राहतात. बहुतेकांचा त्रास साधाच असतो. क्वचित मात्र जठराचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर निघतो. त्यातला ‘माल्ट’ प्रकार हळू वाढतो.

बहुतेक माल्ट रुग्णांच्या पोटात एच. पायलोरी हा जंतू सापडतो आणि तो मारला की अनेकांची गाठही विरते. साधारण १० पैकी एका रुग्णात मात्र जंतू सापडत नाही.

निदान कसं होतं?
दुर्बिणीने जठर पाहून अनेक ठिकाणचे तुकडे तपासायला घेतात. आजार किती पसरलाय हे सीटी किंवा पेट स्कॅनवरून कळतं. गरजेप्रमाणे दुर्बिणीतून सोनोग्राफी आणि हाडातल्या मगजाची तपासणीही होते.

रिपोर्ट पक्का आहे का?
मागच्या २ आठवड्यांत ॲसिडिटीची गोळी किंवा ४ आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल, तर जंतू असूनही तो रिपोर्टमध्ये दिसत नाही, असं होऊ शकतं. म्हणून घेतलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. गरज वाटल्यास डॉक्टर दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासतात.

उपचार काय?
जंतू नसला तरी काही डॉक्टर आधी अँटिबायोटिकचा कोर्स देऊन पाहतात. काहींना गुण येतो. आजार जठरापुरताच असेल तर रेडिएशन, म्हणजे शेक, चांगला लागू पडतो. पसरला असेल तर रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन, बरोबर केमो. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी काविळीची रक्ततपासणी हवीच. त्रास नसेल तर काहींना नुसतं देखरेखीखाली ठेवतात. जठर काढायची वेळ आता क्वचितच येते. बरं वाटलं तरी ठरल्या तारखेला दुर्बिणीची तपासणी चुकवू नये.

कुठे जायचं?
वर्तकनगरहून ठाणे स्टेशन गाठून लोकलने परळला उतरलं, की टाटा हॉस्पिटल जवळ आहे. शहापूरकरांना आसनगावहून, मुरबाडकरांना कल्याणहून लोकल मिळते. जुने रिपोर्ट, बायोप्सीचे ब्लॉक, आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.