अप्पूपेन
(मूळ नाव : जॉर्ज मॅथन). बंगळूरमधील स्वतंत्र चित्रकादंबरीकार. कथा आणि चित्रे दोन्ही स्वतःची. ‘मूनवर्ड’ (२००९) हे पहिले पुस्तक चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने काढले. त्यातून ‘हलाहल’ हे त्यांचे काल्पनिक जग उभे राहिले. समुद्रमंथनातून निघालेल्या विषाचेही नाव हेच. ‘लेजंड्स ऑफ हलाहल’मधील प्रेमकथांत संवादांचे फुगे नाहीत. चौकटींचा आकार, काळ्या सावल्या आणि पात्रांची देहबोली यांवरच कथा पुढे सरकते; त्यामुळे ती कोणत्याही भाषेच्या वाचकाला खुली होते. पुढे ‘अॅस्पायरस’ व ‘द स्नेक अँड द लोटस’ (२०१८) आली. ‘राष्ट्रमन’ या व्यंगमालिकेतून त्यांनी सत्तेला निर्भीड प्रश्न विचारले. बंगळूरच्या ‘लाउंज पिरान्हा’ वाद्यवृंदात ते ड्रमवादक होते. भारतीय चित्रकथेला प्रौढ वाचक मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोलाचा आहे.