शकुन
शकुन : मूळचा पक्षिवाचक, पण मराठीत भावी शुभाशुभाची सूचना या अर्थी रूढ झालेला संस्कृत शब्द.

उगम : ऋग्वेदात शकुन, शकुनि व शकुंत हे शब्द पक्ष्यासाठी येतात. दुसऱ्या मंडलातील ४२ व ४३ या सूक्तांत ओरडणाऱ्या पक्ष्याला मंगल बोलण्याची विनवणी आहे (पहा : कपिंजल). शकुंतला या नावातही पक्षिवाचक अर्थ टिकून आहे.

अर्थविकास : पक्ष्याची दिशा, आवाज व उड्डाण यांवरून भाकीत करण्याच्या प्रथेमुळे पक्ष्याचे नाव सूचनेला लागले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (सहावे शतक) शकुनविचारात कुत्रा, कोल्हा, घोडा व हत्तीही येतात. ज्ञानेश्वरांच्या एका विराणीत कावळा शकुन सांगतो. तेथे पक्षी व सूचना हे दोन अर्थ वेगळे झालेले दिसतात.

वैशिष्ट्ये : मराठीत पक्षी हा अर्थ लुप्त झाला असून शिंक, पालीचे चुकचुकणे, मांजराचे आडवे जाणे यांनाही शब्द लागू पडतो. अपशकुन, अपशकुनी, शकुनवंती ही संबंधित रूपे होत. लोकसमजुतीत मात्र पक्ष्यांचे स्थान कायम आहे : कावळ्याचे ओरडणे पाहुण्याची, तर टिटवीचे रात्रीचे ओरडणे अशुभाची सूचना मानतात. पहाटे भविष्य सांगत फिरणाऱ्या भिक्षेकऱ्याला पिंगळा या घुबडाचेच नाव आहे (पहा : पिंगळा, लोकसमजुती).

महत्त्व : अर्थांतराचे हे ठळक उदाहरण होय (पहा : अर्थविचार). ग्रीक ‘ओइओनोस’ हा शब्दही शिकारी पक्ष्यावरून शकुनाकडे वळला.