किती वॅटची घेऊ?

आमच्या गल्लीतला एक पोरगा परवा घरी आला. एमआयडीसीत नोकरी लागून सहा महिने झालेत, थोडे पैसे साठलेत, घरात गाणी ऐकायला चांगली सिस्टिम घ्यायचीय. पहिलाच प्रश्न, "दादा, किती वॅटची घेऊ?"

त्याचे वडील मात्र आडवे पडलेले. घर मिरवणुकीच्या रस्त्यावर. गेल्या वर्षी डीजेची भिंत दारात थांबली तेव्हा पत्रे थरथरत होते आणि म्हाताऱ्या आईला कानात कापूस घालून मागच्या खोलीत नेऊन बसवावं लागलं. त्यांचं म्हणणं एकच, "रस्त्यावरचं कमी पडलं म्हणून आता घरात पण तेच का?"

बाप चुकत नव्हता आणि पोरगाही चुकत नव्हता. आपल्याकडं 'सिस्टिम' या शब्दाचा अर्थच बदललाय. म्हणून त्याला दिलेलं उत्तर जरा लांबून सुरू करतो. वाचायला पाच मिनिटं लागतील, पण सिस्टिम घेताना उपयोग होईल.

1955 सालच्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, वर्षभरात 56 गाणी. ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याच्याकडं आळी गोळा व्हायची, रेडिओला हार घातला जायचा, असं जुनी माणसं सांगतात. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या घरगुती रेडिओची ताकद किती असायची? साधारण दोन ते चार वॅट. स्पीकर एकच. आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं, मग आवाज यायचा. रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरायची. एवढ्या आवाजात सोपा भरायचा आणि अंगणात बसलेल्यांनाही ऐकू जायचं. कारण ऐकणारे गप्प बसायचे.

पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं पुण्याकडच्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवली. गावानं एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची. म्हणजे आपल्याकडं आवाज आधी सगळ्यांचा होता, एकट्याचा नंतर झाला.

आता 'स्टिरिओ'कडं येऊ. दोन खोकी घेतली म्हणजे स्टिरिओ, असा आपला समज. ॲलन ब्लमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1931 मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची गोष्ट अशी सांगतात की सिनेमा बघताना पडद्यावरचा माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातोय आणि त्याचा आवाज मात्र एकाच जागेवरून येतोय, हे त्याला खटकलं. त्याचा प्रश्न आवाज मोठा कसा होईल हा नव्हताच. माणूस जिथं आहे तिथून त्याचा आवाज आला पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. तबला उजवीकडं, पेटी डावीकडं, गाणारा मधे. त्या मधल्या जागेत स्पीकर नसतो, तरी गाणारा तिथंच बसलाय असं वाटतं. स्टिरिओ म्हणतात ते याला. बाजारात स्टिरिओ रेकॉर्ड यायला 1958 उजाडलं.

तोवर चांगला बेस पाहिजे तर कपाटाएवढी खोकी लागायची. स्पीकरचा पडदा पुढं हवा ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळले की खर्ज नाहीसा होतो. 1954 मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी खोकं पूर्ण बंद केलं आणि आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरलं. लहान खोक्यातून खोल आवाज निघाला. साध्या घरात मावणारे स्पीकर तिथून खऱ्या अर्थानं सुरू झाले.

आणि आपल्याकडं? आपल्याकडं माठ होता! माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. टेपला जोडलेला स्पीकर माठाच्या तोंडावर बसवायचा, कडेनं कापड कोंबायचं, की आवाज एकदम भरदार. मेकॅनिकनं विल्चरचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण मागचा आवाज कोंडला पाहिजे हे त्याला कळलेलं होतं. तालुक्याच्या ठिकाणी रेडिओ दुरुस्तीवाला 2एन3055 ट्रान्झिस्टर किंवा 4440ची आयसी लावून ॲम्प्लिफायर बांधून द्यायचा आणि सुताराकडून प्लायवूडचं खोकं करून घ्यायचा. माल घ्यायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड, नाहीतर पुण्यातली तपकीर गल्ली.

त्यात कॅसेट आली. फिलिप्सनं ती 1963 मध्ये काढली, आपल्या गावात तिचं राज्य आलं ते ऐंशीच्या दशकात. रेकॉर्ड काढायला मोठी कंपनी लागायची, कॅसेट मात्र कुणीही भरू शकत होतं. भजन, भारूड, भीमगीतं, शाहिरी, लोकनाट्य सगळं एसटी स्टँडच्या टपरीवर मिळायला लागलं. ज्यांचा आवाज रेडिओवर क्वचितच लागायचा, त्यांचा आवाज घरोघर गेला. हा बदल लहान नव्हता.

मग आले नव्वदचे दिवस आणि तिथं आपली गाडी रुळावरून घसरली. खोक्यावर आकडे छापायला लागले. 500 वॅट, 1000 वॅट, पुढं बारीक अक्षरात 'पीएमपीओ'. मीही फसलोय. डिप्लोमा करताना पार्टटाइम कामाचे पैसे जमवून 1200 वॅटचा म्युझिक सिस्टिम घेतला. दुकानदार म्हणाला, वाडा हलेल. रूमवर आणून मागची पट्टी वाचली, तर लिहिलेलं, विजेचा वापर 30 वॅट! विहिरीत घागरभर पाणी आणि पोहऱ्यातून टँकर भरणार म्हणे. पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी, कागदावर काढलेला कमाल आकडा. तो मोजायची एक ठरलेली पद्धतच नाही. खरा आकडा सलग देता येणाऱ्या ताकदीचा, ज्याला बाजारात आरएमएस म्हणतात. अमेरिकेत असल्याच फुगवलेल्या आकड्यांमुळं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला 1974 मध्ये ॲम्प्लिफायरच्या वॅटसाठी नियम करावा लागला. आपल्याकडं एक अख्खी पिढी त्या खोट्या आकड्यांवर वाढली. 'किती वॅट?' हा प्रश्न तिथून आलाय. डीजेच्या भिंतीसुद्धा तिथूनच आल्यात, असं माझं मत आहे.

आता हिशोब बघा. साधारण घरगुती स्पीकर 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर सुमारे 86 डेसिबल आवाज देतो. दोन माणसं बोलतात तो आवाज असतो साठच्या आसपास. म्हणजे 10 बाय 12च्या खोलीत नेहमीचं ऐकणं एका वॅटच्या आतबाहेरच होतं. वॅट दुप्पट केले तर फक्त 3 डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणून 50 आणि 60 वॅटमधला फरक कानाला कळतच नाही, फक्त खिशाला कळतो.

तर त्या पोराला मी जे सांगितलं ते असं.

पैशाचे दहा भाग कर, सहा-सात भाग स्पीकरला दे. आवाजाचा रंग स्पीकर आणि खोली ठरवते, ॲम्प्लिफायर बराच नंतर. लहान खोलीला दोन बुकशेल्फ स्पीकर पुरे. ॲम्प्लिफायर चॅनेलमागे खऱ्या 30 ते 50 वॅटचा बघ. स्पीकर 4 ओमचा की 8 ओमचा आणि ॲम्प्लिफायरला तो चालतो का, हे मागं लिहिलेलं असतं, ते वाच. लहान ॲम्प्लिफायरचा कान पूर्ण पिळला की आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजानं आधी ट्वीटर जळतो. वायर साधी तांब्याची घे, महागड्या वायरीच्या नादी लागू नको. लाल-काळं दोन्हीकडं सारखं जोड. एक उलटं लागलं तर खर्ज गायब होतो आणि मधला गाणारा हरवतो.

दुकानात तोंडपाठ असलेलं गाणं घेऊन जा आणि हळू आवाजात ऐक. जो सेट मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं.

घरी दोन स्पीकर आणि तुझी बसायची जागा असा समान बाजूंचा त्रिकोण कर. ट्वीटर कानाच्या उंचीला, खोकी भिंतीपासून थोडी पुढं. फरशी उघडी असेल तर सतरंजी टाक, खिडकीला जाड पडदा लाव. यातल्या निम्म्या गोष्टी फुकट आहेत.

आणि शेवटची गोष्ट कायद्याची. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. खाजगी सिस्टिमचा आवाज आपल्या हद्दीच्या कडेला यापेक्षा 5 डेसिबलहून जास्त नको. हे नियम फक्त मंडळांना आहेत असं नाही, तुझ्या-माझ्या घरालाही आहेत. मिरवणुकीतल्या भिंतीबद्दल बोलायचा हक्क हवा असेल तर आधी शेजाऱ्याची झोप सांभाळली पाहिजे.

पोरानं गेल्या रविवारी सेट आणला. मलाही बोलावलं होतं. वडील हाताची घडी घालून दारात उभे. आजीला मधल्या जागेवर बसवलं आणि एक भजन लावलं. बटण पावच फिरवलेलं. शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता एवढा आवाज. आजी थोडा वेळ ऐकत राहिली, मग डाव्या हाताला बोट दाखवून म्हणाली, "पेटीवाला ह्या अंगाला बसलाय का रं?"

वडील काही बोलले नाहीत. आत येऊन सतरंजीवर बसले.

तर मंडळी, पहिली सिस्टिम घेताना 'किती वॅट' हे शेवटी विचारा. कोण ऐकणार, कुठं बसून, आणि भिंतीपलीकडं कोण झोपलंय, हे आधी बघा.

तुमच्या घरात पहिला रेडिओ किंवा टेप कधी आला, तो कुठं ठेवलेला असायचा, आठवत असेल तर जरूर लिहा. माठवाल्यांनी तर नक्कीच लिहा.