कॅमेऱ्यासोबत फिरणारी आग: फ्लॅश पावडर ते लिथियम

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचून काढा.

समजा, एक टीम हेमलकसा-भामरागडला शूटिंगसाठी निघाली आहे. मुंबईहून विमानाने नागपूर, आणि तिथून आलापल्लीमार्गे तीनशे किलोमीटरच्या वर रस्ता. तिकडे लाइटचा भरवसा नाही, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाटच बंद. म्हणजे जास्तीच्या बॅटऱ्या हव्यातच. पण विमानतळावर नेमकी त्यांचीच चौकशी होते. लाखोंचा कॅमेरा चेक-इन बॅगेत टाकला तर कोणी अडवत नाही, दोन-चार हजारांची सुटी बॅटरी मात्र बाहेर काढायला लावतात. असं का? उत्तरासाठी जरा मागे जावं लागेल.

१८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी फोटोसाठी फ्लॅश पावडर तयार केली. मॅग्नेशियमची भुकटी आणि पोटॅशियम क्लोरेट. यातलं क्लोरेट तापलं की ऑक्सिजन सोडतं. म्हणजे या पावडरला जळायला बाहेरची हवा लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग आला सिनेमा. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा घेतला आणि कोडॅकची कच्ची फिल्म मागवली. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. हिच्याही रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. आपल्याकडे १९४८ मध्ये सिनेमॅटोग्राफ फिल्म रूल्स आले, ते याच फिल्मच्या साठवणुकीसाठी आणि वाहतुकीसाठी. त्यांचा कारभार विस्फोटक खात्याकडे होता. सिनेमाची रिळं आणि सुरुंगाची दारू, दोन्हींवर एकच खातं! त्या खात्याचं मुख्यालय आज नागपुरात आहे. आपली टीम जिथे उतरते त्याच शहरात.

हे नियम उगाच नव्हते. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात एफटीआयआयच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि फिल्म अर्काइव्हची तिथे ठेवलेली जुनी नायट्रेट रिळं खाक झाली. त्यात प्रभातच्या चित्रपटांचाही ठेवा होता. आग अशी की विझवायचा उपाय नाही, आणि गेलेली रिळं पुन्हा मिळायचीही सोय नाही.

नायट्रेट फिल्मचं उत्पादन १९५०च्या सुमारास थांबलं. चाळीसएक वर्षांनी कॅमेऱ्याच्या पिशवीत नवी आग आली. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तीही व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. या बॅटरीत कोबाल्ट ऑक्साइड असतं, ते फार तापलं की ऑक्सिजन सोडतं, आणि शेजारी ज्वलनशील द्रव असतोच. आलं ना लक्षात? १८८७चीच गोष्ट, फक्त डबा बदलला.

विमानाच्या पोटात आग लागली तर हॅलॉन वायू सोडतात. साधी आग त्याने दबते. पण बिघडलेला सेल आतून तापतच राहतो आणि शेजारच्या सेललाही तापवतो. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू विमानात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. आग लागली, कॉकपिट धुराने भरलं, समोरची उपकरणं दिसेनाशी झाली. दोन्ही वैमानिक गेले. १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने प्रवासी विमानातून अशा सुट्या बॅटऱ्या माल म्हणून न्यायला बंदी घातली.

मग प्रवाशाची सुटी बॅटरी केबिनमध्ये का चालते? कारण तिथे धूर दिसतो. कर्मचारी धावतात, पाणी ओतून बॅटरी थंड करतात. पोटातल्या बॅगेजवळ कोणी पोचू शकत नाही.

आता हिशेब. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. १०० पर्यंत साधारण परवानगी, १०० ते १६० ला एअरलाइनची मंजुरी आणि फक्त दोन सुट्या, १६० च्या वर नाहीच. सिनेमा कॅमेऱ्याच्या किती तरी बॅटऱ्या १४.४ व्होल्ट, ६.८ अँपिअर-अवर म्हणजे ९८ वॅट-अवरच्या का असतात, ते कळलं? नियमाच्या मापानेच शिवलेल्या आहेत त्या.

म्हणून भामरागडला जाताना मोठं पॉवर स्टेशन विमानात नेऊ नका, ते गाडीने पुढे पाठवा. लहान बॅटऱ्या घ्या, टोकांना चिकटपट्टी लावा आणि फुगलेली बॅटरी घरीच ठेवा. केबिनची सात किलोंची मर्यादा ओलांडली म्हणून ऐन दारात बॅग खाली टाकायला सांगितली, तर आधी बॅटऱ्या काढून खिशात घ्या. सगळ्यात जास्त विसर तिथेच पडतो.

तुमच्याकडे जुन्या टॉकीजच्या प्रोजेक्टर रूमच्या आठवणी असतील तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!