शेजाऱ्याच्या दारावरील निशाण आणि घराचें मोल

घर विकावयास निघालें म्हणजे मालक भिंती, तुळया, आड, परसू आणि कागदपत्रें यांचें वर्णन करितो. घेणारा मात्र उंबऱ्यांत पाऊल ठेवण्यापूर्वींच डावीउजवीकडे पाहून घेतो. घराचें मोल बऱ्याच अंशीं घराच्या बाहेर ठरतें, ही गोष्ट जुन्या माणसांस पक्की ठाऊक होती. नाशिक जिल्ह्यांतील नांदगांवाचेंच उदाहरण घ्यावें. मनमाड आणि चाळीसगांव यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेल्या या तालुक्याच्या गांवीं, औरंगाबादेस रेल्वे पोंचण्यापूर्वीं, वेरूळचीं लेणीं पाहावयास निघालेले प्रवासी उतरत आणि पुढील वाट गाडीनें काटीत. तें स्टेशन कोणा एका घरमालकानें बांधलें नव्हतें. तरी त्या वाटेवरील जागेस जें महत्त्व आलें असेल, तें स्टेशनामुळेंच. रस्ता, पाणी, बाजार आणि शेजार हीं विकणाराच्या मालकीचीं नसतात, पण किंमत मात्र त्याच्याच घराची वाढवितात किंवा उतरवितात.

या बाहेरच्या गोष्टींत एक अशी आहे कीं, जिची नोंद कोणत्याहि दप्तरीं होत नाहीं. ती म्हणजे शेजाऱ्याचें राजकीय मत, आणि तें मत बोलून दाखविणारें त्याच्या दारावरील निशाण, भिंतीवरील चिन्ह किंवा गच्चीवरील फलक. खरेदीखतांत चतुःसीमा लिहाव्या लागतात. नोंदणीचा १९०८ सालचा कायदा मिळकतीची ओळख पटेल असें वर्णन मागतो. म्हणून पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस तमक्याची भिंत, अशीं शेजाऱ्यांचीं नांवें खतांत येतात. परंतु पूर्वेकडचा अमका कोणत्या पक्षाचा, हें दुय्यम निबंधक विचारीत नाहीं. शासनाचा वार्षिक मूल्यदरांचा तक्ता विभाग, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचें वय पाहतो. झेंड्यांचा रकाना त्यांत नाहीं. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ सालच्या कायद्यानें विकणारावर असें बंधन घातलें आहे कीं, मिळकतींतील अथवा हक्कांतील जो महत्त्वाचा दोष आपणांस ठाऊक असून घेणारास साधारण काळजीनें दिसणार नाहीं, तो त्यानें आपण होऊन सांगावा. शेजाऱ्याचें निशाण तर हमरस्त्यावरून दिसतें. तें विकत असलेल्या मिळकतींतलें नव्हे आणि लपलेलेंहि नव्हे. तेव्हां कायद्यापुढें हा प्रश्न उभाच राहत नाहीं. तो उभा राहतो गिऱ्हाइकाच्या मनांत. "उद्यां या गल्लींत आपलें जमेल काय?" एवढाच तो प्रश्न असतो, आणि तेवढ्यावरून सौदा विसाराच्या आधींच मोडूं शकतो.

कोणाच्या वस्तींत कोणाचें निशाण दिसावें, हा तंटा आजचा नव्हे. इ. स. १९२३ सालीं नागपुरास तो चांगलाच पेटला होता. तेथील सिव्हिल लाइन्स म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांची राहती वस्ती. त्या वस्तींत राष्ट्रीय निशाण घेऊन मिरवणूक नेण्यास सरकारनें मनाई केली, आणि १ मे पासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. निशाणाचें कापड हातभर, परंतु त्यापायीं शेंकडों माणसें तुरुंगांत गेलीं. वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज यांस शिक्षा झाली आणि दंडाच्या वसुलीसाठीं त्यांची मोटार जप्त करण्यांत आली. येथें आपल्या विषयाचा खरा धागा सांपडतो. ती मोटार घेणारा नागपुरांत कोणी निघाला नाहीं. विकण्यासाठीं ती काठियावाडाकडे न्यावी लागली. मोटारींत दोष नव्हता, किंमत अधिक नव्हती. परंतु ती घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड कसें दाखवावें, हा प्रश्न गिऱ्हाइकांपुढें होता. त्याच ऑगस्टांत मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली आणि सत्याग्रह संपला. पुढें स्वातंत्र्य आलें. तरी सामान्य नागरिकास आपल्या घरावर वर्षाचे सर्व दिवस राष्ट्रध्वज लावण्याची मोकळीक मिळण्यास २००२ साल उजाडावें लागलें, आणि २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क मान्य केला.

नागपुरांत जें एका मोटारीचें झालें, तेंच पांच वर्षांनीं एका सबंध तालुक्याच्या जमिनींचें झालें. मुंबई इलाख्यांतील बारडोली तालुक्यांत सरकारनें सारा बावीस टक्क्यांनीं वाढविला आणि फेब्रुवारी १९२८ मध्यें शेतकऱ्यांनीं वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालीं तो न भरण्याचा निश्चय केला. सरकारनें जप्तीच्या नोटिसा घरांच्या दारांवर चिकटविल्या. लोकांनीं त्यांच्यावरच कुलपें लाविलीं आणि गुराढोरांसह दिवसाचे दिवस आंत कोंडून घेतलें. शेजाऱ्याचें दार बंद दिसलें कीं, तो आपल्यांतलाच आहे हें कळत असे. त्या तालुक्यांत बंद दार हेंच निशाण झालें होतें. जप्त केलेला माल व जमिनी लिलावास निघाल्या तेव्हां गांवचा माणूस बोली बोलेना. बाहेरच्या कांहीं जणांनीं जमिनी कवडीमोलानें घेतल्या. पण घेतलेली जमीन कसावयास मजूर कोठला आणि बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्याशीं बोलणें कसें चालावें? कागदावर मालकी आली. परंतु शेजार मिळाला नाहीं, आणि शेजारावांचून मालकी लुळी ठरली. ऑगस्टांत तडजोड झाली, जमिनी मूळ मालकांस परत मिळाल्या, आणि चौकशीअंतीं वाढ सुमारें सहा टक्क्यांवर आली. पुढील सत्याग्रहांत गुजराथेंतील ज्या जमिनी सरकारनें जप्त करून विकल्या होत्या, त्या परत मिळवून देण्यासाठीं बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळास १९३८ सालीं निराळा कायदा करावा लागला. शेजाऱ्यांच्या मताचा विक्रीवर परिणाम होतो काय, असें कोणी विचारिलें, तर याहून मोठा दाखला शोधावयास नको.

स्वातंत्र्यानंतर निशाणांचें स्वरूप पालटलें. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत मतदारांपैकीं बहुसंख्य निरक्षर होते. म्हणून पक्षांस चित्रचिन्हें देण्यांत आलीं. बैलजोडी, झोपडी, वडाचें झाड, दिवा अशीं तीं चिन्हें रोजच्या संसारांतलीं होतीं. तेव्हांपासून गांवोगांवच्या भिंती बोलूं लागल्या. चुन्यानें सारवलेल्या भिंतीवर गेरूनें किंवा निळीनें काढलेलें चिन्ह पाऊसपाण्यांतहि लवकर पुसत नाहीं. १९६९ सालीं काँग्रेस दुभंगली आणि बैलजोडी कोणत्याच गटाकडे राहिली नाहीं. जुन्या भिंतीवरचे बैल मात्र पक्षाची परवानगी विचारून मिटले नसतील! चिन्ह पक्षापेक्षां चिवट निघूं शकतें, आणि निवडणूक सरल्यावरहि घर पाहावयास आलेल्या माणसास तें जुनीच गोष्ट सांगत राहतें.

या भिंतींवर मालकाचा हक्क किती, याचाहि विचार झाला आहे. निवडणुकीच्या आदर्श आचारसंहितेनें पक्षांस बजाविलें आहे कीं, कोणाची जागा, इमारत किंवा कुंपणाची भिंत त्याच्या परवानगीवांचून झेंडे, फलक, पत्रकें अथवा घोषणा यांसाठीं वापरूं नये. महाराष्ट्रानें १९९५ सालीं मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा केला. म्हणजे आपल्या भिंतीवर दुसऱ्यानें रातोरात चिन्ह काढलें, तर तक्रार करण्यास जागा आहे. परंतु शेजाऱ्यानें आपल्याच दारावर आपल्याच खुषीनें लाविलेलें निशाण केवळ आपला सौदा अडतो म्हणून उतरवावें, असें म्हणण्याचा अधिकार यांतून मिळत नाहीं.

असा अधिकार अमेरिकेंतील एका गांवानें घेऊन पाहिला. सेंट लुई शहराजवळ लाडू नांवाचें सधन लोकांचें उपनगर आहे. फलकांनीं गांव कुरूप होतें, लोकांच्या खासगी जीवनास बाधा येते आणि मालमत्तेच्या किंमती उतरतात, असें कारण देऊन तेथील नगरसभेनें घरांपुढील बहुतेक सर्व फलकांस बंदी केली होती. डिसेंबर १९९० मध्यें इराणी आखातांत युद्धाचीं चिन्हें दिसूं लागलीं, तेव्हां मार्गारेट गिलिओ या बाईंनीं आपल्या अंगणांत युद्धास विरोध करणारा लहानसा फलक लाविला. पहिला चोरीस गेला, दुसरा कोणीं पाडला. पोलिसांकडे गेल्यावर त्यांस कळलें कीं, फलक लावणें हाच गुन्हा आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९९४ सालीं सर्व न्यायमूर्तींनीं एकमतानें बंदी रद्द ठरविली. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं निकालांत एक मोठी व्यवहारी गोष्ट सांगितली: आपल्या घराची किंमत टिकावी असें प्रत्येक मालकास स्वतःलाच वाटत असतें, म्हणून लोक आपण होऊनच अंगणांत फलकांची गर्दी करीत नाहींत. गंमत अशी कीं, त्या बंदींतून ज्या थोड्या फलकांस सूट होती, त्यांत "घर विकणें आहे" हा फलक होता. बाजाराची भाषा चालत होती. मताची चालत नव्हती.

पण बाजाराचा तो फलकहि नेहमींच निरुपद्रवी मानला गेला असें नाहीं. न्यू जर्सी संस्थानांतील विलिंगबरो या गांवीं कृष्णवर्णीय कुटुंबें राहावयास येऊं लागलीं, तेव्हां किंमती पडतील या भीतीनें गोरे मालक घरें विकूं लागले. एकाच्या अंगणांतील "विकणें आहे" हा फलक पाहून दुसरा घाबरे, आणि दुसऱ्याचा पाहून तिसरा. तेव्हां गांवानें विक्रीच्या फलकांवरच बंदी घातली. हेतु भला होता, कारण काळे-गोरे एकत्र नांदावेत असाच तो होता. तरी १९७७ सालीं त्याच न्यायालयानें ही बंदीहि रद्द केली. भीति फलकांत नव्हती, ती माणसांच्या मनांत होती. फलक उतरवून ती उतरणार नव्हती.

विकण्याचा फलक हेंच राजकीय निशाण कसें होतें, हें पाहावयास मात्र परदेशीं जावयास नको. वर्धा जिल्ह्यांतील डोरली या लहान गांवीं २००५ च्या सुमारास शेतीच्या कर्जानें गांजलेल्या लोकांनीं सबंध गांवच विकणें आहे असा फलक लाविला. नाशिक जिल्ह्यांत, देवळा तालुक्यांतील फुले माळवाडीच्या गांवकऱ्यांनीं मार्च १९२३ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे मार्च २०२३ मध्यें, कांद्याचे भाव कोसळल्यामुळें गांव विकावयास काढण्याचा ठराव केला. बारडोलीच्या लोकांनीं विक्री बंद पाडून सरकारला आपलें म्हणणें ऐकविलें. डोरली आणि माळवाडी यांनीं विक्री पुकारून तेंच केलें. येथें शेजारी शेजाऱ्याविरुद्ध नव्हता. सगळा शेजार एका फलकाखालीं आला होता.

आतां पुन्हां नांदगांवच्या गल्लींत यावें. धाब्याचें जुनें घर विकूं पाहणाऱ्या कुटुंबास हा इतिहास ऐकून काय मिळणार? मुलीचें लग्न, दुखणें किंवा बँकेचें देणें यांसाठीं ज्यास एका महिन्यांत पैसा उभा करावयाचा आहे, त्यास निवडणूक संपेपर्यंत थांबा असें सांगणें सोपें, पण थांबणें अवघड. त्याचें नुकसान खरें आहे, आणि तें हंसण्यावारीं नेऊं नये. मात्र त्यानें एक गोष्ट ओळखावी. गिऱ्हाईक निशाणास भीत नाहीं. निशाणामागें भांडण आहे काय, पाण्याच्या नळावर, नालीवर, सामाईक भिंतीवर उद्यां पक्षाचें राजकारण येईल काय, यास तें भितें. ज्या गल्लींत एका दारावर एक चिन्ह आणि समोरच्या दारावर दुसरें चिन्ह असून दोन्ही घरचीं माणसें एकमेकांच्या सुखदुःखाला धांवतात, त्या गल्लींतील घराचें मोल चिन्हांनीं उतरत नाहीं. जेथें सर्वच दारांवर एकच चिन्ह आहे आणि दुसऱ्यास पाय ठेवण्याची चोरी आहे, तेथें मात्र परक्या गिऱ्हाइकानें काढता पाय घेतला, तर नवल नव्हे.

म्हणून विकणारानें शेजाऱ्याकडे जाऊन निशाण उतरवा असें म्हणण्यापेक्षां, गिऱ्हाइकासच शेजाऱ्याच्या ओटीवर न्यावें आणि दोघांस बोलूं द्यावें. शेजाऱ्यानेंहि ध्यानांत ठेवावें कीं, आपल्या दारावरचें निशाण हा आपला हक्क आहे, पण नव्या माणसास घोटभर पाणी विचारणें हें आपलें कर्तव्य आहे. आणि केव्हां तरी आपलेंहि घर विकावयास निघेल, तेव्हां गिऱ्हाईक याच ओटीवरून जाणार आहे. नागपूर, बारडोली, लाडू आणि विलिंगबरो यांचा इतिहास एवढेंच सांगतो कीं, हुकमानें निशाणें उतरविणें कोणास फारसें साधलें नाहीं, आणि ज्यांनीं प्रयत्न केला त्यांस तें महाग पडलें. खतावर चतुःसीमा लिहिलेल्या असतात. त्या सीमेपलीकडे कोण राहतो हें खत सांगतें, पण तो कसा वागतो हें त्यालाच दाखवावें लागतें.